नळ स्टॉप

गाडी बंद पडायची ती बरोबर नळ स्टॉपला. गाडी म्हणजे स्कूटर, 110 सीसी, बारा वर्षांची, कारब्युरेटरवाली. वारज्यातून निघालं की कर्वे पुतळ्यापर्यंत लोण्यासारखी, दशभुजा गणपतीला मनातल्या मनात नमस्कार, पौड फाटा पार, आणि सिग्नल दिसायला लागला की एक उचकी. मग दुसरी. मग ॲक्सिलरेटर पिळा नाहीतर स्वतःचा कान पिळा, फरक शून्य.

तिथून ढकलत कडेला आणायची, डबल स्टँडवर लावायची आणि किक मारायला सुरुवात करायची, की पुण्यातला प्रत्येक रिकामा माणूस तिथे जमणार. पहिला प्रश्न, "पेट्रोल आहे का?" मी बावन्न वर्षांचा माणूस आहे हो, हे बघितल्याशिवाय घाम गाळत बसेन का, पण आपण सीट उघडून, टाकी हलवून दाखवायची, डुचुक डुचुक आवाज झाला की तो निराश होऊन निघून जातो. दुसरा म्हणतो चोक द्या. तिसरा साठीच्या पुढचा असतो आणि तो काही न विचारता गाडी डावीकडे आडवी करायला लागतो, कारण त्याचं सगळं तारुण्य गियरच्या टू-स्ट्रोक स्कूटरवर गेलेलं असतं आणि ती आडवी केली की चालू व्हायची हे त्याच्या रक्तात आहे. माझी फोर-स्ट्रोक आहे काका, असं म्हणेपर्यंत डिकीतला छत्री-रेनकोट-लाईटबिल असा ऐवज रस्त्यावर.

आता गंमत काय, की दहा मिनिटं थांबलं की गाडी आपोआप चालू व्हायची. त्यामुळे त्या दहा मिनिटांत ज्याने शेवटचा हात लावला त्याला श्रेय. एकदा आडवी करणाऱ्या काकांना मिळालं, एकदा प्लगची कॅप फुंकणाऱ्या कॉलेजच्या पोराला, आणि एकदा तर एका बाईंनी नुसतं "होईल हो चालू" म्हटलं आणि झाली. त्या बाईंचा नंबर घेऊन ठेवायला हवा होता असं पुढे फार वाटलं.

गॅरेजवाल्यांचंही तेच. पहिल्याने प्लग काढला, "बघा काका, काळा पडलाय, पेट्रोल जास्त जातंय," म्हणून नवा टाकला. दुसऱ्याने आठवड्याने तोच नवा प्लग काढला, "पांढरा पडलाय, पेट्रोल कमी येतंय." प्लग म्हणे बिस्किटाच्या रंगाचा पाहिजे. मी घरी येऊन चहाबरोबर जुना प्लग बशीत ठेवून बिस्किटाशी ताडून बघितला तर हिने बशीसकट सगळं उचलून नेलं. दुसऱ्याने मग कारब्युरेटर खोलला, जेटमधून हवा मारली, "कचरा होता" म्हणाला (कचरा कधीच दाखवत नाहीत, नुसता होता म्हणतात) आणि साडेतीनशे घेतले. तिसऱ्याचं म्हणणं, गरम झाली की प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल मार खाते, तिच्या जोडीचा सीडीआय नावाचा डबा पण बदलून बघू. "बदलून बघू" हा शब्द मला फार आवडतो, बदलणार तो आणि बघणार आपण.

बरं, गॅरेजात गाडी इतकी गुणी वागायची की मलाच लाज वाटावी. मेकॅनिक चौकापर्यंत चक्कर मारून यायचा, "काका, मक्खन." अरे बाबा मक्खन पहिल्या पाच किलोमीटरला असतंच, तू नळ स्टॉपपर्यंत जा की!

मग मी स्वतःच अभ्यास करायचं ठरवलं आणि मुलीच्या जुन्या फिजिक्सच्या वहीच्या कोऱ्या पानांवर नोंदी करायला लागलो. तारीख, किलोमीटर, पाऊस होता का, पेट्रोल किती. त्यातून एक विचित्रच गोष्ट निघाली. दोनशेचं पेट्रोल टाकलं की गाडी डेक्कनच्या पुढेही जायची, पण टाकी फुल केली की पुतळ्यापाशीच आचके. म्हणजे जितकं खायला घालाल तितकी लवकर झोपते. हे मी तिसऱ्या मेकॅनिकला सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी वही पाठीमागे लपवली.

त्यात वरच्या मजल्यावरचे काका. त्यांचीही गाडी त्याच सुमारास बंद पडायला लागली होती, त्यामुळे दोन गाड्या म्हणजे पुरावाच झाला आणि काकांनी निकाल दिला, इथेनॉल! आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी टाकीत तळाला बसतं. ऐकायला पटणारं होतं. निम्मा महाराष्ट्र उसावर चालतो, मग आपल्याच गाडीला ऊस का बाधावा, असं मला वाटायचं, पण काकांपुढे बोलायची सोय नाही. आम्ही दोघांनी मिळून पेट्रोल पंप बदलला. फरक शून्य, पण आता पंप घरापासून चार किलोमीटर लांब होता.

हे सगळं चालू असताना हिने एकदा पंपावर विचारलेलं, "अहो, झाकण उघडताना हे फुस्स करून काय होतं?" मी म्हटलं, पेट्रोलचा गॅस असतो तो. ती म्हणाली, "पण बाहेर येत नाहीये, आत गेल्यासारखं वाटतंय." मी दुर्लक्ष केलं. वहीत याची नोंद नाही.

शेवटी कॉइल घ्यायला नाना पेठेत गेलो. टू-व्हीलरचा कुठलाही पार्ट तिथे मिळतो. दुकानाशेजारी बोळात एक म्हातारे मिस्त्री बसले होते, त्यांना कॉइल दाखवली तर ती हातात न घेताच म्हणाले, "टाकी फुल असली की लवकर बंद पडते का?"

मला रडूच यायचं राहिलं. एवढ्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस!

"झाकण सैल ठेवा आणि स्वारगेटला जाऊन या." गेलो, आलो, परत गेलो, परत आलो. एक उचकी नाही. मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, झाकणाला श्वासाचं भोक असतं, पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, नाही आली की टाकीतच ओढ बसते आणि पेट्रोल खाली उतरतच नाही. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा शिरते, परत चालू. टाकी भरलेली असली तर आत हवाच थोडी, म्हणून लवकर ओढ बसते. "नळ बंद झाल्यासारखं होतंय बघा." नळ. स्टॉप. पाटी तर तिथे कधीपासून लावलेली होती!

मग त्यांनी झाकण उलटं केलं, आत नखाने काहीतरी खरवडलं आणि एक गोल चकती बाहेर काढली. पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर निळ्या अक्षरात अर्धवट 'टोन्ड'.

"हे काय हो?"

हे काय ते मला चांगलं माहीत होतं. जुलैत पाऊस सुरू झाला तेव्हा टाकीत पाणी जाऊ नये म्हणून मीच दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, वाटी ठेवून गोल कापून, झाकणाच्या आत गच्च बसवली होती. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की नंतर विसरूनच गेलो.

"किती देऊ?" मी विचारलं.

"कशाचे? दुधाचे?" मिस्त्री म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

घरी येऊन हिला सांगितलं. ती हसली वगैरे नाही, म्हणाली, "तरी म्हटलं रद्दीवाल्याला द्यायच्या पिशव्यांत एक कमी कशी. आणि बाकीची कुठाय?"

आता अर्ध्या लिटरच्या एका पिशवीतून चार चकत्या आरामात निघतात, आणि मी काही एकट्यापुरतं बघणारा माणूस नाही. जुलैत पार्किंगमध्ये काका भेटले होते, त्यांनाही मोठ्या प्रेमाने एक बसवून दिली होती.

तेवढ्यात वरून काकांची हाक आली. त्यांचं ठरलं होतं, इथेनॉलने इंजिन खाल्लं, उद्या सकाळी दहाला इंजिन उतरवणार, बोअर-पिस्टन सगळं नवीन.

रात्री साडेअकरा वाजलेत आणि मी मोबाईलचा टॉर्च लावून पार्किंगमध्ये काकांच्या गाडीपाशी उभा आहे. झाकण सीटखाली आहे. सीटची चावी वर काकांकडे.