वणवा लागल्यास प्रथम गट नंबर पाहावा

जंगलाला लागून जमीन असलेल्या, किंवा रिटायर झाल्यावर कोकणात अशी जमीन घ्यायच्या बेतात असलेल्या सर्व सज्जनांसाठी ही मार्गदर्शिका लिहितो आहे. अनुभव ताजा आहे. गेल्या मार्चमध्ये माझी काजूची 110 कलमं, वेंगुर्ला-7, पाचव्या वर्षाला आलेली, एका दुपारीत जळाली. गेल्या आठवड्यात त्याबद्दल सरकारी पत्रही आलं. पत्राचं शेवटी सांगतो.

सगळ्यात आधी सातबारा पाठ करा. धूर दिसला की बादली घेऊन धावतो तो अडाणी. जाणता माणूस आधी बघतो, धूर कुठल्या गट नंबरातून येतोय.

कारण खालून बघताना डोंगर एक दिसतो, पण तो दिसतो तेवढाच एक. माथ्यावर राखीव वन, त्याचे वन खात्याने पाडलेले भाग म्हणजे कक्ष, त्याला कक्ष क्रमांक. त्याखाली महसुलाचा पट्टा, त्याला गट नंबर. मधे वनीकरणाचा तुकडा, तिथे लावलेल्यांपैकी पाटी तेवढी जगली आहे. शेजारी 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्यात सरकारजमा झालेली जमीन. झाली की नाही यावर भावकीत आणि कोर्टात अजून वाद आहे. आणि सगळ्यांच्या पायथ्याशी मी. विदर्भातल्या वाचकांना हे किरकोळ वाटेल. तिकडे झुडपी जंगल नावाची खुरट्या झुडपांची जमीन महसूलच्या दप्तरात एक आणि वन खात्याच्या नजरेत दुसरं, अशी अनेक वर्षं गेली. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की बाबांनो, हे सुमारे 86 हजार हेक्टर जंगलच आहे. याच न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 लाच सांगून ठेवलं होतं की जंगल म्हणजे शब्दकोशात असतं ते जंगल, मालकी कुणाचीही असो. पण आपल्याकडे शब्दकोशाची प्रत मागवायलाही टिपणी लागते.

आता फोन. हा भाग नीट वाचा.

दुपारी पाऊण वाजता मी पहिल्या ऑफिसला, म्हणजे वन खात्याला, फोन लावला. पहिला प्रश्न आला, "कक्ष की गट?" म्हटलं, साहेब, वरून येतंय. "वरून म्हणजे बुरुजाच्या आत की बाहेर?" वनहद्दीचे बुरूज म्हणजे चुना फासलेले दगडांचे ढीग, आणि मार्चमध्ये त्यांच्याभोवती कमरेएवढं वाळकं गवत. म्हणजे मी आगीत शिरून, बुरूज शोधून, आग त्याच्या कुठल्या अंगाला आहे ते बघून परत फोन करायचा. "बाहेर असेल तर तहसीलला कळवा." तहसीलला कळवलं. "जंगलातली आग जंगलवाले बघतात." तिसऱ्या ऑफिसात, वनीकरणाच्या, एक मॅडम फार गोड बोलल्या. "आमचं काम लागवडीचं हो. आणि ती साइट हस्तांतरित झालीय." कुणाकडे? "पत्र गेलंय." पत्र कुठे गेलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आग कुठे चालली आहे ते मला दिसत होतं. ब्लोअर, म्हणजे वाऱ्याच्या झोताने आगीपुढचा पाचोळा उडवणारं यंत्र, आहे का, असं मी पहिल्या ऑफिसला परत विचारलं. आहे म्हणाले. पण हद्दीबाहेर चालवला तर पेट्रोल कुठल्या हेडखाली, म्हणजे कुठल्या खर्चाच्या खात्यात, टाकायचं? हे वाक्य मी रचलेलं नाही. माझ्या बागेचा वरचा बांध पेटत होता आणि मला हेड विचारलं जात होतं!

शेजारचे आबा तोवर ऐनाच्या डहाळ्या तोडून आले होते. माझ्या कानाचा फोन बघून म्हणाले, "ठेव तो. आगीक हद्द खंय कळता!" आम्ही अकराजण डहाळ्यांनी झोडत सुटलो. वरून एक वनरक्षक पोरगा दोन मजुरांना घेऊन धावत आला, शर्टाची बाही जळालेली. त्याने गट विचारला नाही, कक्ष विचारला नाही, संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर राबला. दुसऱ्या दिवशी त्यालाच खुलासा विचारला, की बीट (नेमून दिलेला जंगलाचा भाग) सोडून खाजगी जागेत का गेलात.

हं. पुढची सूचना.

एसएमएसवर विश्वास ठेवा. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश पाठवतं. 800 किलोमीटरवरून उपग्रहाला आग दिसते. आठ किलोमीटरवरच्या ऑफिसला हद्द दिसते.

1927 च्या वन कायद्याचं कलम 79 वाचून ठेवा. रानात ज्याचे हक्क आहेत त्याने रानातली आग विझवायला धावलंच पाहिजे. रानातली आग तुमच्या बागेत उतरली तर कुणी धावावं, ते कलम मी अजून शोधतोय.

बांबू लावा, पण तो वनहद्दीबाहेरच उगवेल एवढं बघा. 2017 साली बांबूला झाडांच्या व्याख्येतून वगळलं, ते बाहेरच्या बांबूच्या फायद्यासाठी. बुरुजापलीकडचा त्याचा सख्खा भाऊ अजून वनोपज आहे, म्हणजे पासाशिवाय हलत नाही.

घाई असेल तर मंत्री गाठा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथला बांबू विकायला वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 उजाडलं, आणि तेही केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.

पुढच्या वेळी गव्यांना बोलवा. गव्याने पीक मोडलं तर भरपाईचा छापील अर्ज आहे.

आता ते पत्र. 'संयुक्त पाहणी' ठरली आहे, महसूल, वन आणि शेती अशा तीन खात्यांची, भर पावसात. राख केव्हाच ओढ्याला गेली, बुरूज गवतात बुडालेत, आणि मी मात्र 'मूळ कागदपत्रांसह' हजर राहायचं आहे. मार्चपासून तलाठी आला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तेव्हा वनरक्षक ट्रेनिंगला, वनरक्षक आला तेव्हा शेतीचा माणूस रजेवर. तिघे एका दिवशी उभे राहावेत म्हणून साडेचार महिने लागले.

पुरे झाली चेष्टा. अहो, तुमचे तिघांचे पगार एकाच तिजोरीतून येतात ना? जंगलाची दहा वर्षांची कार्य आयोजना, म्हणजे कामाचा आराखडा, लिहिता, त्यात खालच्या बांधावर कोण राहतो हे लिहायला पान नाही? आग अडवायला गवत काढून मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढता आणि ती आपल्या हद्दीच्या टोकाला आणून सोडून देता, जणू आग तिथे येऊन तुमचं ओळखपत्र बघणार आहे. तीन खात्यांचे तीन नकाशे एका टेबलावर पसरायला कुठलाही कायदा आड येत नाही. आड येतो तो तुमचा आळस, आणि उद्या लेखापरीक्षणात कोण विचारेल याची भीती. त्या पोराला खुलासा विचारणाऱ्या साहेबाला जरा तरी लाज वाटायला हवी होती. एक फोन नंबर द्या, सगळ्या डोंगराला मिळून एक. तो उचलणाऱ्याने आधी कुठे जळतंय ते विचारावं, कुणाचं ते मागाहून. ब्लोअरची किल्ली गावात ठेवा. जाळरेषा तिघांनी मिळून काढा, आम्ही मजुरी न घेता येतो, आबाही येतील, वय 71.

आमच्याकडे गवत डिसेंबरात वाळतं. तारीख लिहून ठेवा.