‘पन्नाशीनंतरचा कर्मचारी म्हणजे ओझे’ : एका दाव्याचा प्रतिवाद

पन्नाशी ओलांडलेला कर्मचारी मंदावतो, नवे शिकत नाही आणि तरुणांची जागा अडवून बसतो, म्हणून त्याला वेळीच निरोप द्यावा, असा मजकूर व्यवस्थापनाचे शहाणपण म्हणून सर्रास फिरत असतो. त्यातली तिन्ही विधाने वेगवेगळी तपासावी लागतात, कारण ती सारख्याच प्रमाणात चुकीची नाहीत.

वयानुसार प्रतिक्रियेचा वेग कमी होतो, हे खरे आहे; परंतु बहुतेक कामांत वेगाइतकीच, किंबहुना अधिक, किंमत चूक वेळीच ओळखण्याला असते. जर्मनीतील एका ट्रक-जुळणी कारखान्यातील चुकांच्या नोंदी अभ्यासणाऱ्या ब्योर्श-सुपान आणि वाइस या अर्थशास्त्रज्ञांना साठीपर्यंत उत्पादकता घटत असल्याचे दिसले नाही. वयस्कांच्या हातून चुका किंचित जास्त होत, मात्र गंभीर चुका कमी होत. त्याच देशात बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये डिंगोल्फिंग येथील एका उत्पादन-रांगेवर सरासरी ४७ वर्षे वयाचा गट मुद्दाम नेमला आणि कामगारांच्याच सूचनांवरून लाकडी फरशी, उंची बदलता येणाऱ्या खुर्च्या, भिंगे असे सुमारे ७० किरकोळ बदल केले, तेव्हा वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. खर्चही मामुली होता. दोष वयात नसून कामाच्या मांडणीत होता, असे यावरून म्हणता येते.

शिकण्याच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. ज्येष्ठ कर्मचाऱ्यांविषयीच्या सहा समजुती पडताळणाऱ्या एंग आणि फेल्डमन यांच्या २०१२ च्या संशोधन-आढाव्यात पाच निराधार ठरल्या. प्रशिक्षणाविषयीच्या कमी उत्सुकतेला तेवढा आधार मिळाला, तोही क्षीण. पण उत्सुकता नसणे म्हणजे कुवत नसणे नव्हे, आणि ज्याचे नाव प्रशिक्षणाच्या यादीत वर्षानुवर्षे येतच नाही, त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

जागा अडवण्याचा तिसरा आरोप नोकऱ्यांची संख्या ठरलेली असते असे गृहीत धरतो. ग्रूबर आणि वाइज यांच्या संपादनाखाली झालेल्या १२ देशांच्या अभ्यासात ज्येष्ठांना लवकर घरी पाठवल्याने तरुणांचा रोजगार वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. कमावणारा माणूस खर्चही करतो, आणि त्या मागणीतूनच इतरांना काम मिळते.

अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने चाळिशीपासून पुढच्या कर्मचाऱ्यांना वयावरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण दिले. तरीही ‘उत्साही, तरुण संघ’ असे शब्द जाहिरातींत डोकावतातच. असे शब्द व अनावश्यक वयोमर्यादा काढणे, सर्व उमेदवारांना कामाशी संबंधित तेच प्रश्न विचारणे आणि पदोन्नती, प्रशिक्षण व कपातीच्या याद्या दरवर्षी वयोगटानुसार तपासणे, एवढी सुरुवात कोणत्याही संस्थेला जवळजवळ विनाखर्च करता येते.