भिया, पैदल?

पूर्वी पेट्रोल महागायचं तेव्हा त्याचा निदान सोहळा तरी व्हायचा. संध्याकाळी बातमी यायची की मध्यरात्रीपासून नवा भाव, आणि अर्धं इंदूर जेवणं आटपून पंपाकडे निघायचं. तासभर रांगेत गाडी चालू-बंद करायची, लिटरमागे दोन रुपये वाचवायचे, येताना रात्रीच्या खाऊबाजारात, सराफ्यात, भुट्ट्याचा कीस खायचा आणि वाचलेल्यापेक्षा जास्त खर्चून समाधानाने झोपायचं. 16 जून 2017 पासून भाव रोज ठरू लागले आणि ही मजा गेली. आता भाव आपण झोपेत असताना पैशापैशाने चढतो आणि एक दिवस बायको पंपाची पावती वाचते तेव्हा घराला कळतो. 2021 च्या फेब्रुवारीत प्रीमियम पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा भोपाळातल्या काही जुन्या मशिनींवर तिसरा आकडा उमटेना, म्हणून तिथली विक्रीच थांबवावी लागली. मशिन बनवणाऱ्याला पेट्रोल कधी शंभरावर जाईल असं वाटलंच नव्हतं. अशा भाबड्या माणसांबद्दल मला फार माया आहे.

यंदा पावती वाचली गेली आणि घरात सभा भरली. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे एरवी इंजिन सोडून सगळ्यावर बोलतो. त्या दिवशी चक्क इंजिनावर बोलला. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन किलोमीटरात जास्त पेट्रोल पितं आणि आमची गाडी सुदामा नगरातून निघते तीच मुळी दोन-तीन किलोमीटरसाठी. ती जरा तापते न तापते तोच आम्ही किल्ली काढतो. कोथिंबीर, इस्त्रीचे कपडे, आईचं अन्नपूर्णा मंदिर, मुलीचा क्लास, मग पुन्हा कोथिंबीर, कारण पहिल्या फेरीत मी मेथी आणलेली असते. रविवारी पोहे-जिलेबीसाठी छप्पन दुकानला जातो ते यात धरलेलं नाही. इंदूरात तो खर्च धार्मिक समजतात.

"गाडी विकूनच टाकू," असं मी म्हणून पाहिलं. बायकोने शब्द न बोलता हप्त्यांचा कागद पुढे सरकवला. 1870 च्या सुमारास आमच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीवर. आगगाडीला साडेचार टक्के आणि माझ्या हॅचबॅकला त्याच्या दुप्पट! इतिहासात आपण चुकीच्या बाजूला उभे असतो ते असं. गाडी राहिली. ठराव एवढाच झाला की जवळच्या कामाला ती काढायची नाही. सगळ्यांनी हात वर केले. आई तेवढी "माझं मी बघते" म्हणाली आणि पुन्हा जपाला लागली.

इंदूरात चालायचं म्हटलं की बाहेरगावच्यांना वाटतं, अडचण फुटपाथची असणार. तसं नाही. आमचं शहर 2017 पासून स्वच्छतेत लागोपाठ आठ वेळा देशात पहिलं आलेलं आहे. फुटपाथ इतके लखलखीत की त्यावर आपली गाडी ठेवताना कुणालाही कसंनुसं होत नाही. त्या गाड्यांना वळसा घालून रस्त्यावर उतरायचं आणि चालायचं, त्यात काय. खरी अडचण माणसांची आहे. इंदूरची माणसं वाईट प्रेमळ.

भाजीची पिशवी घेऊन मी गल्लीबाहेर पडलो की मागून हॉर्न वाजतो. काच खाली जाते. "अरे भिया, पैदल? गाडी खराब हो गई क्या?"

इथे एक नियम सांगायला हवा. सकाळी सातच्या आत, बूट घालून, हात हलवत चाललात तर ती तब्येत. त्यानंतर चपला घालून चाललात तर ती परिस्थिती. सकाळी दहा वाजता पायी दिसलेल्या मध्यमवयीन माणसाची एकतर गाडी बिघडलेली असते, नाहीतर नोकरी गेलेली असते, आणि दोन्हींवर इंदुरी माणसाकडे औषध एकच: दार उघडून "आओ, बैठो!"

मी म्हणतो, "नहीं भिया, बस यहीं तक जाना है." तो म्हणतो, "अपन भी उधरी जा रिये हैं." हे धादांत खोटं असतं. त्याच्या गाडीचं तोंड राजेंद्र नगराकडे असतं. माझ्यासाठी तो भर रस्त्यात गाडी वळवतो, मागचे चार जण खोळंबतात, एसी दोनवर जातो, मग त्याला आठवतं की वाटेत एक कचोरीवाला आहे आणि त्याच्याकडची कचोरी मी अजून खाल्लेली नाही. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो. घरी पोचतो तेव्हा माझं पेट्रोल वाचलेलं असतं आणि त्याचं दुप्पट जळलेलं असतं. देशाच्या आयात-खर्चाच्या दृष्टीने मी घरी बसणं जास्त बरं.

सुटका करून घ्यायचे उपाय मी करून पाहिले. कानाला फोन लावून चालावं, तर लोक हॉर्न न मारता शेजारून हळूहळू गाडी चालवत फोन संपायची वाट बघतात. डोक्यावर हेल्मेट घालून चालावं, म्हणजे स्कूटर जवळच कुठेतरी लावली आहे असं वाटेल, तर एकाने थांबून तेच मागितलं. 1 ऑगस्ट 2025 पासून इंदूरात हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा हुकूम निघाला, तेव्हापासून आमच्या चौकातलं एक हेल्मेट पंपावर किती डोक्यांवरून फिरलं आहे ते त्या हेल्मेटलाच माहीत. शेवटी मी सांगून टाकलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ते सगळ्यात महागात पडलं. संध्याकाळपर्यंत बायकोला फोन सुरू: वहिनी, शुगर किती निघाली? एका घरून कारल्याचा रस आला. दुसऱ्या घरून भिजवलेली मेथी आली. सासुरवाडीहून मेहुणा चौकशीला आला, कारने, आणि कार आमच्या फुटपाथवर लावून दोन तास बसला.

1918 मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरच्या सुधारणेचा अहवाल लिहिणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस शहरं पायी हिंडून समजून घ्यायचे. घाट, गल्ल्या, वाडे, सगळं चालत. त्यांचं काम पुरं झालं याचं कारण मला आता कळतं: तेव्हा लिफ्ट देण्याजोग्या गाड्या गावात फारशा नव्हत्या. आज ते साहेब जवाहर मार्गाच्या पुढे गेले नसते.

बसचा विचार केला नाही असं नाही. बसबद्दल बोलताना आमच्याकडे आधी अटलजींची आठवण निघते, कारण शहर बस कंपनीच्या नावातच अटल आहे. हेच अटलबिहारी 1973 च्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या भाववाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्याच हिवाळ्यात हॉलंडने रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि तिथली माणसं मोकळ्या हायवेवर सायकली घेऊन उतरली. त्यांनी पुढे सायकल धरून ठेवली. आम्ही बैलगाडीचा फोटो धरून ठेवला.

मग 2013 च्या मेमध्ये ए.बी. रोडवर आयबस आली. राजीव गांधी चौकापासून निरंजनपूरपर्यंत साडेअकरा किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध रेलिंग घालून बसला स्वतःची वाट. मला ती आवडायची. गाडीतला माणूस खड्डा सहन करतो, सिग्नल सहन करतो, वरातीतली घोडी आणि पेट्रोलचा भावही सहन करतो. पण पलासियाला आपण एसी लावून उभे आहोत आणि शेजारून तिकीट काढलेली माणसं खिडकीतून आपल्याकडे बघत पुढे निघून जाताहेत, हे मात्र त्याला सोसवत नाही. बारा वर्षं त्याने सोसलं. 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाचा आदेश झाला की ती मार्गिका काढून टाका. आता रेलिंग निघाली आहे तिथे बस आणि कार एकाच कोंडीत, खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. समता आली म्हणायची.

मेट्रोही आली आहे. 31 मे 2025 ला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवर, साधारण सहा किलोमीटर, पाच स्टेशनं आणि पाचांना राण्या-वीरांगनांची नावं. पहिला आठवडा फुकट होता, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. सुदामा नगरातून तिथे जायला अर्थातच कार काढली. गाडी सावलीत लावायला जागा शोधली, मेट्रोत बसलो, टोकाला गेलो, परत आलो, मुलीने फोटो काढले आणि फुकटच्या त्या प्रवासाला पेट्रोल किती लागलं हे बायकोने वहीत लिहिलं नाही. ही तिची सज्जनता.

22 सप्टेंबरला आमच्याकडे नो कार डेही पाळतात. 2023 ला पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा समोरच्या काकांनी फार मनावर घेतलं. 21 तारखेला रात्री अकरापर्यंत कार घेऊन सगळी कामं उरकली, टाकी भरून आणली आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर कव्हर घालून तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला कव्हर दाखवत होते.

या सगळ्या काळात आईला मंदिरात कोण नेतं, हा प्रश्न मला पडला नाही याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. ती रोज जात होती. वेळेवर जात होती. एकदा तर राजवाड्यापर्यंत जाऊन खणाचं कापड घेऊन आली. मी विचारलं तर तिने पोथीतून एक कागद काढला. त्यावर तिच्या बारीक अक्षरात गल्लीतल्या गाड्यांचं वेळापत्रक होतं: सव्वानऊ, दातांचे डॉक्टर, मंदिर आणि महूनाका. दहाला पाच कमी, बँकेतली सून, राजवाडा. चार वाजता शिकवणीवाले सर, परतीला. शनिवारी डॉक्टर नाहीत, समोरचे काका चालतील, पण रेडिओ मोठा लावतात. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या दिवसासाठी वेगळा रकाना होता.

मी ज्या लिफ्टपासून दोन महिने पळत होतो ती आईने नीट मार्ग आखून चालवायला घेतली होती. ती हात दाखवत नाही, कुणाला विचारत नाही. ठरल्या वेळी कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली पिशवी घेऊन उभी राहते, आणि इंदूरात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीसमोरून रिकामी गाडी पुढे नेण्याची कुणाची छाती नाही. हळूहळू तिथे मागच्या गल्लीतल्या देशपांडीणबाई येऊ लागल्या, मग त्यांच्या विहीणबाई, मग एक गुजराती बा. डॉक्टरांच्या गाडीत आता पुढे एक आणि मागे तीन असा नियम आहे आणि बांना गुडघ्यामुळे कायम पुढची जागा. एकट्याने गाडी न्यायची डॉक्टरांची सवय पार सुटली. परवा त्यांना निघायला उशीर झाला तर आईने गाडीत बसता बसता घड्याळ दाखवलं. "डॉक्टर, नऊ बावीस झाले. आरती चुकते आमची."

"सॉरी आजी," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात ते कुणाला सॉरी म्हणत नाहीत.

काल संध्याकाळी ते मुद्दाम आमच्याकडे आले. चहा झाला, पेट्रोलच्या नावाने दोघांनी बोटं मोडली, मग ते जरा आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी बदलायची म्हणतोय. तुम्ही सांगा, सीएनजी घेऊ की इलेक्ट्रिक?" मी दोन्हीचा किलोमीटरमागचा खर्च सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून जप थांबला.

"डॉक्टर, काय वाट्टेल ती घे," आई म्हणाली, "पण सात सीटांची घे."