आधी गड की आधी संग्रहालय? साताऱ्याच्या पायी फेरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साताऱ्याच्या पायी फेरीचा क्रम मी लिहिला होता: आधी अजिंक्यतारा किल्ला, मग राजवाडा, शेवटी संग्रहालय. त्यावर तुमचे आक्षेप चार आहेत. एसटी स्टँडला लागूनच संग्रहालय असताना लोकांना आधी गडावर का पिटाळायचं? गाडी वरपर्यंत जाते तर पायपीट कशाला? राजवाडा 'पाहा' असं लिहिलंत, पण आत कोण सोडतं? आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची माहुली गाळून साताऱ्याची फेरी पुरी कशी होते? तिसरा आक्षेप बिनशर्त मान्य, तो खाली दुरुस्त करतो. बाकीच्यांवर मात्र थोडं भांडायचं आहे.

संग्रहालय आधी घेतलं की दिवसाचं गणित तिथंच चुकतं. ते उघडायला दहा वाजतात, पाहून निघेपर्यंत साडेअकरा, आणि अजिंक्यताऱ्याचा चढ नेमका डोक्यावरच्या उन्हात लागतो. वर सावली जेमतेम, पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही. तळी आहेत, पण ती पिण्याची नव्हेत. मग माणसं महादरवाजापाशी फोटो काढतात आणि 'गडावर काही नाही' म्हणत परततात.

म्हणून क्रम असा. सकाळी साडेसहाला शहर बसने किंवा रिक्षाने राजवाडा गाठा. तिथून अदालत वाडा चालत दहा मिनिटांवर. वाड्याच्या बाजूने वर जाणारी वाट गडाच्या गाडीरस्त्याला मिळते, आणि तिथून सुमारे एक किलोमीटर चढलं की दरवाजा. रमतगमत पाऊण तास धरा. माणशी दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्या. गड नीट फिरायला दीड तास लागतो: दरवाजाचे बुरूज, मारुतीचं आणि महादेवाचं देऊळ, मग ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष आणि मंगळाईचं देऊळ. बहुतेक जण इथूनच माघारी वळतात. दक्षिणेकडचा दरवाजा आणि तळी त्यांना दिसतच नाहीत. तटाच्या कडेने फेरी पुरी केली तर यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन सगळे ओळीने ओळखता येतात. नऊनंतर धुरकट होतं.

गड आधी घ्यायचं खरं कारण ऊन नाही, नकाशा आहे. सुमारे 3,300 फुटांवरून पेठा, वरचा रस्ता, खालचा रस्ता आणि पूर्वेचं कृष्णा-वेण्णेचं खोरं एकदा नजरेखाली घातलं की खाली उतरल्यावर रस्ता विचारावा लागत नाही. शहर गडाच्या उतारावर वसलंय, त्यामुळे पुढची सगळी चाल उताराची होते. स्टँडवरून सुरुवात केली तर तीच चढाची.

गाडीचं म्हणाल तर चढ न झेपणाऱ्यांनी जरूर रिक्षाने वर जावं आणि उतरताना चालावं. पण ज्यांचे गुडघे खरंच कुरकुरतात त्यांना उतारच जास्त जाचतो, त्यांनी रिक्षा थांबवून ठेवलेली बरी. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ढग उतरले की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. तेव्हा गड सोडून द्या.

जाता जाता, 'हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही म्हणून अजिंक्यतारा' हे तुमचं वाक्य. वेढा पडला डिसेंबर 1699 मध्ये, आणि एप्रिल 1700 मध्ये किल्ला औरंगजेबाकडे गेला. त्याने नाव ठेवलं आझमतारा. ताराबाईंनी तो परत घेतला तेव्हा अजिंक्यतारा झाला. म्हणजे 'अजिंक्य' हे नाव किल्ला एकदा हातचा गेल्यावरचं आहे, आणि मला ते त्यामुळेच जास्त आवडतं. पुढे संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज यांचा राज्याभिषेक 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यातच झाला.

उतरताना 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक असलेल्या चार भिंतींवर वीस मिनिटं थांबा, आणि सव्वादहापर्यंत राजवाड्यासमोर या.

आता दुरुस्ती. राजवाडा बाहेरून पाहायचा आहे. तिथल्याच शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 7 नोव्हेंबर 1900 रोजी डॉ. आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या वेळेत वर्गात डोकावायचा हट्ट धरू नये.

पुढे मोती चौक. कंदी पेढे इथं घ्या, पण जास्त भाजलेले, तपकिरी मागा. फिकट पेढा लवकर ओलसर होतो. मग राजपथाने पोवई नाका आणि तिथून संग्रहालय, म्हणजे दोन-अडीच किलोमीटर, सगळा उतार. खाण्याच्या गाड्यांची चौपाटी संध्याकाळची, सकाळी तिथं काही नसतं. वाघनखांसाठी येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी: जुलै 2024 मध्ये लंडनहून आल्यावर ती पहिल्यांदा इथं होती, पण नंतर दुसऱ्या शहरात गेली.

माहुली मी विसरलो नव्हतो, 'पायी' या शब्दाने गाळली. ती पाचेक किलोमीटरवर आहे, वाटेत महामार्ग ओलांडावा लागतो आणि पुढच्या रस्त्यावर चालणाऱ्याला कडेने धड जागा नाही. कोरेगावकडच्या एसटीने दुपारी चारला जा. विश्वेश्वराचं देऊळ, घाट, शाहू महाराजांची समाधी पाहायला दीड तास पुरतो. नदीला पाणी चढलेलं असेल तर घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नका. आणि सोमवारी येणार असाल तर संग्रहालय बंद असतं, तो वेळही माहुलीलाच द्या.