खाँसाहेब नापास!

सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवणं हे एकट्यानं, दार लावून करायचं काम आहे. शेजारी निवृत्त गणितशिक्षक खुर्ची ओढून बसले की संपलंच.

आमचे नानाकाका बसले. मांडीवर वही. सीडीचं गणित त्यांनी स्वतःच मांडलं: सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनल. गुणाकार 1,411 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट; यालाच बिटरेट म्हणतात. "हे पैकीच्या पैकी," म्हणून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग फ्लॅक फायली (आवाजातलं काही न गमावता दाबून लहान केलेल्या) तयार होऊ लागल्या आणि निकाल लागला. 1937 साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांना चारशे. माझ्या एका ढणढणाटी गाण्याला हजाराच्या वर.

"शेकडा अठ्ठावीस? खाँसाहेब नापास?" काकांचा चष्मा नाकावर घसरला. "आणि हे बोंबलणारं पोरगं फर्स्ट क्लास?"

मी सांगितलं, काका, इथे बिटरेट आपण ठरवत नाही, तो आपोआप निघतो. फ्लॅक पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधतं आणि चुकलं तेवढंच लिहून ठेवतं. खाँसाहेबांचं रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे डावं-उजवं एकच. दुसऱ्यांदा लिहायला काही उरतच नाही. वाजवताना मात्र बिटन्‌बिट परत मिळतो.

काकांनी मान हलवली. नकारार्थी. पुढची सीडी खाँसाहेबांचीच, पण खरखर न काढलेली. तिला सहाशेच्या वर! खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे ती सगळी लिहावी लागते. "म्हणजे मार्क खरखरीला," काका म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं.

तेवढ्यात त्यांना सेटिंगमधली 0 ते 8 ही पट्टी दिसली. "आठवर ने!" आवाज सगळीकडे तोच असतो, आठवर कॉम्प्युटर जास्त डोकं खाजवतो आणि फाइल किंचित लहान होते, इतकंच. पण ऐकतंय कोण? नेली आठवर. खाँसाहेब चारशेवरून तीनशे नव्वदवर आले.

"अभ्यास वाढवला तर मार्क घटले?"

शेवटी सगळं वेव्हमध्ये केलं. तिथे दाबादाबी नाही, सरसकट 1,411. जागा दुपटीच्या आसपास लागतेय, आणि दोन गाण्यांमधल्या शांततेलाही पैकीच्या पैकी पडलेत. काकांचं त्यावर काही म्हणणं नाही. वहीत त्यांनी फक्त खाँसाहेबांचा निकाल खोडून नव्यानं लिहिलाय, आणि समोर कंसात 'फेरतपासणीत'.