प्रोटीन जेलच्या इंजेक्शनवाल्या फॉरवर्डबद्दल

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. शास्त्रज्ञांनी प्रोटीनचं जेल बनवलंय, एकच इंजेक्शन घेतलं की तुटलेली नर्व्ह असो की लकवा, माणूस चार आठवड्यांत चालायला लागतो, ऑपरेशन नको, आणि नैसर्गिक असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. यात थोडं खरं मिसळलंय म्हणून लोक विश्वास ठेवतात, आणि त्याचीच मला काळजी वाटते.

"चार आठवड्यांत चालायला लागतो." चालायला लागले ते उंदीर. २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या सॅम्युअल स्टप यांच्या टीमने हे काम सायन्स जर्नलमध्ये छापलं आणि काम खरंच जबरदस्त आहे, पेप्टाइडचे (प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांचे) रेणू मज्जारज्जूजवळ सोडले की आपोआप एकत्र येऊन त्यांचे अतिशय बारीक धागे बनतात, त्या धाग्यांवर पेशींना वाढायला सांगणारे सिग्नल असतात, आणि ते रेणू जितके जास्त हलते ठेवले तितका परिणाम चांगला आला. पण त्या उंदरांचा मज्जारज्जू चेंगरला होता, तुटला नव्हता, आणि इंजेक्शन दिलं ते दुखापतीनंतर २४ तासांनी. पाच वर्षांपूर्वी अपघात झालेल्या माणसाला यावरून आशा दाखवणं चुकीचं आहे.

"तुटलेली नर्व्ह असो की लकवा." हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. हातापायातली नर्व्ह तुटली तर पुढच्या भागातल्या श्वान पेशी (Schwann, म्हणजे नर्व्हच्या तंतूंभोवतीच्या आधार देणाऱ्या पेशी) कचरा साफ करतात आणि नव्या तंतूंसाठी वाट तयार करतात. मज्जारज्जूत उलट व्रण तयार होतो आणि नोगोसारखी प्रोटीन्स वाढ अडवतात. स्ट्रोकमुळे आलेला लकवा तर मेंदूतला, त्याचा या प्रयोगाशी संबंधच नाही.

"ऑपरेशन नको." सगळ्यात घातक वाक्य हेच. हातापायाच्या नर्व्हसाठी बायोमटेरियल, म्हणजे शरीरात बसवायचं खास मटेरियल, आज खरोखर वापरात आहे, पण ते ऑपरेशनमध्येच बसवतात. कोलॅजन या प्रोटीनची किंवा विरघळणाऱ्या पॉलिमरची (प्लास्टिकसारख्या पदार्थाची) बारीक नळी असते, सर्जन मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने नर्व्हची दोन्ही टोकं तिच्यात शिवतो, मग आत फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रोटीनचा) पूल बनतो, त्यावरून श्वान पेशी सरकतात आणि त्यांच्या मागोमाग तंतू. रिकाम्या नळीने हे जमतं ते साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गॅपला, तेही मुख्यतः बारीक नर्व्हमध्ये. मोठ्या गॅपला आजही सहसा पेशंटच्याच पायातली नर्व्ह काढून लावतात, आणि इंजिनिअर केलेली प्रोटीन्स, रेशमातलं फायब्रॉइन नावाचं प्रोटीन, वाढीचे घटक हळूहळू सोडणारी जेल यांच्यावर एवढी मेहनत चाललीय ती मुख्यतः याचसाठी, की एक नर्व्ह दुरुस्त करायला दुसरी बळी द्यावी लागू नये.

"नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य." इलॅस्टिनसारखी (त्वचेला लवचिकपणा देणाऱ्या प्रोटीनसारखी) प्रोटीन्स डिझाइन करून बॅक्टेरियात बनवतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण प्रत्येक मटेरियल तपासावंच लागतं. काही पॉलिमर विरघळताना आम्ल सोडतात, नळी लवकर विरघळली तर आधार जातो आणि पूर्वीच्या सिलिकॉनच्या नळ्या विरघळतच नसल्यामुळे पुढे नर्व्हवर दाब यायचा.

आणि मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते म्हणजे वेळ. तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. दुखापत खांद्याजवळ असेल तर पंजापर्यंत पोचायला दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि नर्व्हशिवाय स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी व्हायला लागतो, मग कितीही भारी जेल आलं तरी तो स्नायू परत मिळत नाही. म्हणून कुणाला काच किंवा सुरी लागली, वरून टाके पडले, पण बोट अजून बधिर आहे किंवा वाकत नाहीये, तर टाके सुकायची वाट बघू नका, त्याच दिवशी हँड सर्जनला किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा आणि नर्व्ह तपासली का हे स्पष्ट विचारा.