प्रतिक्रियेला उत्तर: पायलटांचा स्कोप क्लॉज आणि 'फुकटचा' प्रवास

नमस्कार दादा,

अमेरिकेतल्या पायलटांनी स्कोप क्लॉज (कंपनीची उड्डाणं तिच्याच पायलटांनी करायची हे करारातलं कलम) सोडू नये आणि लांबून कामावर येणाऱ्यांना पक्की सीट मिळावी असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर तुमची लांब प्रतिक्रिया आली. खाली दोन ओळी लिहून सोडून द्यावी अशी ती नव्हती म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की मोठ्या एअरलाईनचे कॅप्टन वर्षाला तीन-चार लाख डॉलर्स कमावतात, तरी यांना घरून ड्यूटीवर यायला कंपनीची सीट हवी, हॉटेल हवं, वर छोट्या कंपन्यांना काम द्यायचं नाही ही दादागिरी. यांच्यामुळेच छोट्या गावांची विमानं बंद पडली. आणि हिंजवडीत ज्यांची घरं आउटसोर्सिंगवर उभी राहिली त्या मराठी माणसांनी तरी आउटसोर्सिंगच्या विरोधात बोलू नये.

हे शेवटचं आधी घेते, कारण ते मला लागलं. आमचंही घर त्याच पैशावर चाललंय, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो तेच नवऱ्याच्या आयटीच्या प्रोजेक्टमुळे. त्यामुळे काम बाहेर देणं म्हणजे पाप असं मी कधीच म्हणणार नाही. पण आयटीत काम खरोखर दुसरीकडे जातं, दुसऱ्या देशात, जिथे राहायचा खर्च वेगळा, आणि तिथला माणूस आपल्या हुशारीवर ते मिळवतो. रीजनल विमानांमध्ये, म्हणजे मोठ्या एअरलाईनसाठी ठेक्याने उडवल्या जाणाऱ्या छोट्या विमानांमध्ये, काहीच कुठे जात नाही हो. इथल्या नेवार्क एअरपोर्टचं तेच गेट, विमानावर मोठ्या कंपनीचेच रंग, तिकीट तिचं, टाइमटेबल तिने ठरवलेलं, बहुतेक करारांत इंधनाचं बिलसुद्धा तीच भरते, फक्त कॉकपिटमधल्या दोघांच्या पगाराच्या स्लिपवर भलत्याच कंपनीचं नाव. युनायटेड एक्सप्रेस, डेल्टा कनेक्शन, अमेरिकन ईगल ही सगळी पाट्यांची नावं आहेत, आत विमान उडवणारी स्कायवेस्ट असते, रिपब्लिक असते, नाहीतर मोठ्या कंपनीचीच एखादी उपकंपनी. रीजनलला बहुतेकदा मिळते ती ठरलेली फी, तिकिटाच्या भावाशी तिचा संबंध नसतो. आता विमान तेच, इंधन तेच, एअरपोर्ट तोच असेल तर दुसऱ्या रीजनलपेक्षा स्वस्त बोली लावायची कशावर? माणसांच्या पगारावर आणि त्यांच्या सुट्ट्यांवर. म्हणजे ही स्पर्धा कौशल्याची नाहीच, कोण कमी पगारात तीच सीट भरतो याची आहे, आणि माझा विरोध तेवढ्यालाच आहे.

स्कोप क्लॉज म्हणजे करारातलं पहिलंच कलम, की कंपनीच्या नावावर विकलेलं उड्डाण कंपनीचेच पायलट करतील, अपवाद फक्त अमुक एवढ्या लहान विमानांचा. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन तिघींकडे आज ही मर्यादा 76 सीट आणि 86,000 पाउंड, म्हणजे साधारण 39 टन वजनाची आहे. तुम्ही लिहिलंत की यामुळे एम्ब्रेअरचं नवीन, कमी इंधन खाणारं ई175-ई2 अमेरिकेत येऊ शकलं नाही. ते वजनात बसत नाही हे खरंय, पण ते घ्यायला कोणी अडवलेलंच नाही. खुशाल घ्या, आपल्या पायलटांकडून उडवा. कंपन्यांना ते विमान हवंय, पण ठेकेदाराच्या पगारात उडवून हवंय, आणि युनियन नाही म्हणते ती एवढ्याच गोष्टीला. अशा मोठ्या रीजनल विमानांच्या संख्येवरही करारात मर्यादा असते, म्हणून युनायटेडने तर 2019 मध्ये 70 सीटच्या जातीचं विमान घेऊन त्यात 50च सीट बसवल्या आणि सीआरजे-550 म्हणून ते रीजनलकडून उडवायचं ठरवलं, इतकं करायची तयारी होती पण आपल्या पायलटांना द्यायची नव्हती.

आणि युनियन आडमुठी असते असं जे तुम्ही धरून चाललाय त्यावर डेल्टाचा 2012 चा करार बघा. पायलटांनी रीजनलला 76 सीटवाली जास्त विमानं चालवू दिली, बदल्यात 50 सीटवाली मोठ्या संख्येने कमी करून घेतली आणि 88 बोईंग 717 आपल्या स्वतःच्या कॉकपिटसाठी मिळवली. याला देवाणघेवाण म्हणतात, दादागिरी नाही.

आता नेवार्कबद्दल, कारण मी हे सगळं का लिहिते त्याचं मूळ तिथे आहे. 12 फेब्रुवारी 2009 ला रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं विमान उतरायच्या थोडं आधी एका घरावर कोसळलं, विमानातले 49 आणि घरातला एक असे 50 जण गेले. लोकांनी तिकीट काढलं होतं कॉन्टिनेंटलचं, विमान उडवत होती कोल्गन एअर. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याच्या, इशाऱ्यावर चुकीची कृती केली असंच निघालं, मी ते लपवत नाही, पण त्याच चौकशीत बाकीचं जे बाहेर आलं ते वाचून तेव्हा मला झोप लागली नव्हती. को-पायलट सिअ‍ॅटलजवळ राहायची, बेस (जिथून ड्यूटी सुरू होते ते एअरपोर्ट) नेवार्क, आदल्या रात्रभर कार्गो विमानांच्या जंप सीटवर (क्रूसाठीच्या जास्तीच्या सीटवर) बसून मेम्फिसमार्गे ती ड्यूटीला आली होती. पगार वर्षाला पंचवीस हजार डॉलर्ससुद्धा नाही. कॅप्टन फ्लोरिडाहून यायचा, तो क्रू रूममध्ये झोपला होता. कोल्गनच्या नेवार्क बेसचे दोन तृतीयांशाहून जास्त पायलट असेच दुसऱ्या गावांहून येत होते. तपास करणाऱ्यांनी म्हटलं की थकव्याचा परिणाम झाला असणार, फक्त किती झाला ते ठरवता येत नाही. त्या कुटुंबांनी वॉशिंग्टनला खेटे घालून 2010 चा कायदा करून घेतला, त्यात पायलटसाठी 1500 तास उड्डाणाच्या अनुभवाची अट आली आणि विमान प्रत्यक्षात कोण उडवणार हे तिकीट विकणाऱ्या वेबसाईटने विमान शोधल्यावर पहिल्याच पानावर दाखवायचं हेही आलं. आपलं माणूस कोणाच्या विमानात बसलं हे सरळ, पहिल्याच नजरेत कळायचा हक्क त्यांना कायदा करून मिळवावा लागला, आणि तुम्ही म्हणता की पाटी कोणाची याने पॅसेंजरला काय फरक पडतो. पडतो दादा, खूप फरक पडतो.

कम्यूटिंगवर, म्हणजे लांबून ड्यूटीला येण्यावर, तुमचा प्रश्न रास्त आहे की बेसच्या गावातच का राहत नाहीत, आम्ही नाही का हिंजवडीजवळ घर घेतलं. तर मी या दोन्ही मागण्या एकत्र का मांडते त्याचं उत्तर यातच आहे, कारण लांबून येणं हे बऱ्याच अंशी आउटसोर्सिंगचंच अपत्य आहे. रीजनलचा बेस करारावर टिकतो. 2020 मध्ये युनायटेडने आपली छोटी एम्ब्रेअर विमानं दोन कंपन्यांऐवजी एकाच कंपनीकडे द्यायचं ठरवलं, कॉम्यूटएअर राहिली आणि एक्सप्रेसजेटचं सप्टेंबरअखेर काम थांबलं. ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या रीजनल कंपन्याही त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद झाल्या. पायलटची सीनियॉरिटी कंपनीबरोबर संपते. पंधरा वर्षं काढलेला कॅप्टन दुसरीकडे गेला की यादीत तळाला, आणि तळाच्या माणसाला जो बेस कोणालाच नको असतो तो मिळतो, बहुतेक वेळा न्यूयॉर्कसारखा महागडा. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, घराचं कर्ज हे सगळं उपटून दर तीन वर्षांनी कोण नेणार?

माझी भाची एका रीजनल कंपनीत को-पायलट आहे. घर टेक्ससमध्ये, बेस न्यूयॉर्क. इथे ती क्रॅश पॅडमध्ये राहते, म्हणजे आपल्याकडे पेठांमध्ये पोरं कॉट बेसिसवर राहायची तसंच, एका खोलीत बंक बेड, भाडं बेडचं, आणि दुसरी मुलगी ट्रिपवर असेल तर तिच्या गादीवर तिसरीच झोपलेली. क्वीन्समधल्या क्यू गार्डन्समध्ये अशी घरं भरपूर आहेत. जंप सीटबद्दल तुमची समजूत अशी दिसते की पायलट आला, ऐटीत बसला आणि निघाला. ती स्टँडबाय असते हो, जागा उरली तर. सगळी विमानं भरलेली असतील, वादळ असेल, तर दुपारच्या ड्यूटीसाठी तिला आदल्या दिवशीच निघावं लागतं, म्हणजे सुट्टीचा एक दिवस गेलाच, आणि तो तास कुठेच मोजला जात नाही. जानेवारी 2014 पासूनच्या नियमांत ड्यूटीआधी सलग दहा तास विश्रांती आहे, पण घर ते बेस हा प्रवास ड्यूटीत धरत नाहीत, त्या दहा तासांत कोणी चार तास विमानात ताठ बसून काढले तरी कागदावर ती विश्रांतीच. ताजंतवानं येणं ही पायलटचीही जबाबदारी हे मला मान्य आहे, नियमातही तसंच आहे. मग त्याला ते जमेल अशी सोय नको का?

मागणी असते ती एवढीच: ड्यूटीला येताना कन्फर्म सीट, निदान रिझर्व्हवाल्यांना (ज्यांना ऐनवेळी बोलावतात त्यांना) तरी. दोन विमानांसाठी वेळेत प्रयत्न करूनही जागा मिळाली नाही तर शिस्तभंगाची नोटीस नको. लवकर रिपोर्टिंग असेल तर महिन्यातल्या ठराविक रात्री हॉटेल. काही रीजनल कंपन्या हे देतातही, आणि त्यांनी ते दानधर्म म्हणून दिलेलं नाही, क्रू पोचला नाही म्हणून विमान रद्द झालं तर एका सीटपेक्षा कितीतरी जास्त पैसे जातात.

तीन-चार लाखांचे कॅप्टन आहेत, नाही कशाला म्हणू, डेल्टाच्या पायलटांना 2023 च्या करारात चार वर्षांत 34 टक्के वाढ मिळाली. पण त्याच लोकांनी आधी काय सोसलं तेही धरा ना, दिवाळखोरीच्या काळात युनायटेडच्या पायलटांचं पेन्शन 2005 मध्ये आणि डेल्टाच्यांचं 2006 मध्ये बंद झालं, आणि त्याच काळात स्कोप 50 सीटवरून 70-76 पर्यंत सैल करून घेतला गेला.

छोट्या गावांचं म्हणाल तर मार्च 2022 मध्ये स्कायवेस्टने 29 गावांची सेवा सोडायची नोटीस दिली तेव्हा कारण पायलट कमी असल्याचं सांगितलं. त्याच जूनमध्ये अमेरिकनच्या उपकंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर ताशी 90 डॉलर्सपर्यंत नेला. इतकी वर्षं तो तसा का नव्हता, एवढंच विचारते.

एका बाबतीत मात्र तुमची टीका मला पटते. मोठ्या कंपनीच्या पायलटांनी स्कोपची भिंत बांधली की भिंतीबाहेर रीजनलचे पायलट राहतात, आणि अनेकदा युनियन दोघांची एकच असते. कॉमएअर पूर्णपणे डेल्टाच्या मालकीची, तिच्या पायलटांनी मार्च 2001 पासून 89 दिवस संप केला. कॉमएअरच्या काही पायलटांनी तर या प्रश्नावर स्वतःच्याच युनियनला कोर्टात खेचलं होतं. 2012 मध्ये कंपनीच बंद झाली. त्यांचा राग खरा होता. माझ्या मते यावर इलाज स्कोप सैल करणं नाही, उपकंपनीच्या पायलटांना मोठ्या कंपनीच्या यादीत घ्यावं, सीनियॉरिटीसकट. ते सोपं नाही, यादी जोडताना युनियनमध्ये आतच भांडणं होतात, तरी दिशा तीच असायला हवी.

आणि भारतात हे नाही असं नाही. इंडिगोच्या मुंबई-इस्तंबूल मार्गावर 2023 मध्ये टर्किश एअरलाईन्सची बोईंग 777 त्यांच्याच पायलटांसकट भाड्याने आली, तिकीट इंडिगोचं. ते चूक की बरोबर हा वेगळा वाद, पण असं उड्डाण किती आणि किती दिवस हे ठरवताना इथल्या पायलटांचा करार कुठेच आडवा येत नाही, सरकार परवानगी देतं किंवा देत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये साप्ताहिक विश्रांती 48 तास आणि रात्रीची लँडिंग कमी करणारे नियम पूर्ण लागू झाले, डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, आणि लगेच त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. पायलटांची विश्रांती त्यांच्या करारात लिहिलेली असती तर ती सूट एकट्या सरकारला देता आली नसती.

1500 तासांच्या अटीवर आपलं जमणार नाही असं दिसतंय, त्यावर तुमचे मुद्दे अजून सविस्तर लिहा, विशेषतः सिम्युलेटरच्या तासांबद्दलचा, तो मला नीट समजून घ्यायचा आहे.